वडील ब्रूस्टर : एका घराण्याची नावे व त्यांचा अर्थ

१

मराठीत ‘वडील’ हा शब्द नात्याचाही आहे आणि मानाचाही आहे. ‘मोठा’ या अर्थाच्या प्राकृत ‘वड्ड’ शब्दापासून तो सिद्ध झाला. घरात तो पित्याला लावतात, विशेषण म्हणून तो वयाने थोर असलेल्या कोणालाही लागतो. ख्रिस्ती मराठीत त्याला तिसरा अर्थ प्राप्त झाला आहे. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना ‘वडील’ असेच म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘प्रेस्ब्युतेरोस’ हा असून त्याचा धात्वर्थ ‘अधिक वयाचा’ एवढाच आहे. इंग्रजीने या एकाच शब्दापासून दोन शब्द मिळविले. अपभ्रंशाने ‘प्रीस्ट’ हा शब्द झाला व भाषांतराने ‘एल्डर’. पुढे या दोन शब्दांत एवढे अंतर पडले की, सोळाव्या व सतराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये पहिला शब्द राजमान्य चर्चच्या पुरोहिताचा वाचक ठरला, तर दुसरा त्या पुरोहितशाहीस नकार देणाऱ्यांचा. एकाच ग्रीक शब्दाची ही दोन अपत्ये परस्परविरोधी पक्षांत गेली.

नकार देणाऱ्या पक्षातील एका ‘वडिलां’चे चरित्र प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विल्यम ब्रूस्टर हा १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजातून उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या वसाहतकारांच्या मंडळीचा वडील होता, आणि तेथे मरेपर्यंत तो शेती करीत राहिला. त्याच्या आयुष्यात घरचा वडील व मंडळीचा वडील या दोन भूमिका वेगळ्या काढता येत नाहीत. त्याचा सर्वांत बोलका पुरावा कोणत्याही प्रवचनात नसून त्याच्या घरातील माणसांच्या नावांत आहे. महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध दूरचा असला तरी खरा आहे. १८१३ मध्ये मुंबईस आलेले व १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून पुरा करणारे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या ज्या स्वायत्त मंडळ्यांतून आले, त्यांच्या पूर्वपीठिकेत ब्रूस्टरच्या मंडळीचे स्थान आहे.

२

ब्रूस्टरचा जन्म १५६६ च्या सुमाराचा. त्याचा पिता इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील स्क्रूबी या खेड्यात यॉर्कच्या आर्चबिशपच्या मालमत्तेचा कारभारी होता. लंडनहून उत्तरेकडे एडिंबरोस जाणारा राजमार्ग या गावावरून जात असे, त्यामुळे टपालाचा तळही तेथेच होता. १५८० मध्ये तरुण विल्यम केंब्रिजच्या पीटरहाउस या महाविद्यालयात दाखल झाला. पदवी त्याने घेतली नाही, परंतु लॅटिन त्याने तेथे पक्के केले. त्यानंतर तो राणी एलिझाबेथच्या दरबारातील विल्यम डेव्हिसन या मुत्सद्द्याच्या सेवेत शिरला.

१५८५ मध्ये डेव्हिसन नेदरलंड्सच्या शिष्टाईवर गेला असता ब्रूस्टर त्याच्याबरोबर होता. फ्लशिंग शहराच्या किल्ल्या डेव्हिसनच्या स्वाधीन झाल्या, तेव्हा त्याने त्या ब्रूस्टरकडे दिल्या आणि पहिल्या रात्री ब्रूस्टर त्या उशाखाली घेऊन झोपला, अशी आठवण ब्रॅडफर्डने नमूद केली आहे. विल्यम ब्रॅडफर्ड हा ब्रूस्टरच्या मंडळीतच वाढलेला व पुढे प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झालेला गृहस्थ. ब्रूस्टरविषयीच्या माहितीचा तो प्रमुख आधार होय. १५८७ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला आणि त्याचा सारा दोष डेव्हिसनवर ढकलण्यात येऊन तो पदच्युत झाला. ब्रूस्टर गावी परतला. वडिलांच्या मागे टपालाचे काम त्याच्याकडे आले आणि १५९२ च्या सुमारास मेरी नावाच्या स्त्रीशी त्याचा विवाह झाला.

येथवरचे चरित्र एखाद्या सुस्थित कारभाऱ्याचे आहे. १६०६ च्या सुमारास त्याने वेगळे वळण घेतले. राजमान्य चर्चपासून फुटून निघालेली एक लहानशी मंडळी स्क्रूबीस ब्रूस्टरच्या राहत्या घरी उपासनेसाठी जमू लागली. कायद्याने हा अपराध होता. १६०७ मध्ये या लोकांनी बोस्टन बंदरातून हॉलंडला निसटण्याचा प्रयत्न केला, परंतु ज्या जहाजवाल्याशी त्यांनी ठराव केला होता त्यानेच त्यांना पकडून दिले व ब्रूस्टरला तुरुंगवास घडला. पुढील वर्षी ते ॲम्स्टरडॅमला आणि १६०९ मध्ये लायडनला पोहोचले. त्या वर्षीच्या जून महिन्यात लायडन येथे ब्रूस्टरचे एक अर्भक पुरल्याची नोंद आहे. त्या नोंदीत अर्भकाचे नाव नाही.

३

नाव लाभलेली अपत्ये पाच : जोनाथन, पेशन्स, फिअर, लव्ह व रेसलिंग. मराठीत त्यांचे अर्थ क्रमाने ‘परमेश्वराने दिला’, ‘सहनशीलता’, ‘भय’, ‘प्रीती’ व ‘झुंज’ असे होतील. पहिले नाव हिब्रू आहे व १५९३ सालच्या कोणत्याही इंग्रज घरात शोभण्यासारखे आहे. पुढची चार मात्र नामे म्हणून रूढ नसलेले सामान्य इंग्रजी शब्द आहेत. पेशन्सचा जन्म १६०० च्या, तर फिअरचा १६०६ च्या सुमाराचा, आणि दोघे धाकटे मुलगे त्यानंतरच्या काही वर्षांतले. थोरल्या मुलाचे नाव आणि मागाहूनची नावे यांमधील हा बदल आईबापांच्या मनोवृत्तीतील बदलाशी जुळतो.

या नावांचा अर्थ लावताना दोन ठिकाणी सावधगिरी बाळगावी लागते. पहिले ठिकाण ‘फिअर’ या नावाचे. छळाच्या दिवसांत जन्मलेल्या मुलीचे नाव आईबापांनी आपल्या भीतीवरून ठेवले, असा अर्थ सहज सुचतो, परंतु तो टिकणारा नाही. बायबलच्या परिभाषेत ‘भय’ म्हणजे ईश्वराविषयीचा आदरयुक्त धाक. मराठी बायबलमध्येही ‘परमेश्वराचे भय’ हा प्रयोग याच अर्थाने येतो, आणि तेथे भ्याडपणाची छटा कोणासही जाणवत नाही. राजाच्या शिपायांचे भय सोडून मनुष्याने कोणाचे भय धरावे, याचे उत्तर त्या नावात आहे. म्हणून ते नाव घाबरटपणाचे नव्हे, त्याच्या उलट वृत्तीचे द्योतक ठरते.

दुसरे ठिकाण ‘रेसलिंग’ या नावाचे. हे भाववाचक नाम नाही, ते धातुसाधित आहे. त्याचा संदर्भ सामान्यतः उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या कथेशी लावतात. याकोब रात्रभर एका अज्ञात पुरुषाशी झुंजला, पहाटे त्याच्याकडून आशीर्वाद मिळविल्याखेरीज त्याने त्याला सोडले नाही, आणि तेव्हा त्याला इस्राएल हे नाव मिळाले. परदेशात, परक्या भाषेत, हाताशी पैसा नसताना जन्मलेल्या मुलाला हे नाव देणाऱ्या पित्याच्या मनात ही कथा असावी, असे मानण्यास जागा आहे.

मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट विशेष वाटेल. मराठीत गुणवाचक शब्दांची विशेषनामे होतात, पण तेथे व्याकरणिक लिंग सहसा पाळले जाते. क्षमा, श्रद्धा, करुणा, आशा ही स्त्रीलिंगी नामे मुलींना मिळतात. विनय, संतोष, आनंद ही पुल्लिंगी नामे मुलांना मिळतात. इंग्रजीतील नामांचे व्याकरणिक लिंग सतराव्या शतकापूर्वीच लोपले होते. त्यामुळे ‘प्रीती’ हे नाव मुलाला व ‘भय’ हे मुलीला देण्यात भाषेची आडकाठी राहिली नव्हती. नवस फेडण्यासाठी किंवा मूल जगावे म्हणून ‘धोंडू’, ‘दगडू’ असे नाव ठेवण्याची आपल्याकडील चाल येथे आठवते. दोन्हींकडे नाव ही एक प्रकारची प्रार्थना असते. आपल्याकडची प्रार्थना मुलाचा जीव वाचावा म्हणून असे, ब्रूस्टरच्या घरची प्रार्थना मूल कशा प्रकारचे मनुष्य व्हावे यासाठी होती.

४

लायडन येथे ब्रूस्टर मंडळीचा वडील निवडला गेला. पाळक जॉन रॉबिन्सन हा होता. उदरनिर्वाहासाठी ब्रूस्टरने जे केले ते भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला लक्षणीय वाटेल. लायडन विद्यापीठातील डॅनिश व जर्मन विद्यार्थ्यांना तो इंग्रजी शिकवीत असे आणि त्यासाठी त्याने लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर इंग्रजीचे नियम तयार केले होते. त्या नियमांमुळे विद्यार्थी लवकर तयार होत, असे ब्रॅडफर्ड सांगतो. इंग्रजी ही त्या काळी युरोपच्या पंडितांना अपरिचित अशी एका बेटाची भाषा होती. तिचे परकीयांसाठी व्याकरण रचणाऱ्या आरंभीच्या मंडळींत ब्रूस्टरची गणना करावयास हरकत नाही. ते नियम मात्र आज उपलब्ध नाहीत.

पुढे टॉमस ब्रूअरच्या साहाय्याने त्याने छापखाना चालविला आणि इंग्लंडमध्ये छापता येणार नाहीत अशी पुस्तके छापली. १६१९ मध्ये राजा पहिला जेम्स याच्या धर्मविषयक धोरणावर टीका करणारे एक पुस्तक निघाल्यावर इंग्लिश राजदूताने शोध लावला. ब्रूअर पकडला गेला आणि ब्रूस्टर भूमिगत झाला. मेफ्लॉवरवर चढला तेव्हाही तो राजाला हवा असलेला मनुष्यच होता.

५

सप्टेंबर १६२० मध्ये निघालेल्या या जहाजावर १०२ प्रवासी होते. ब्रूस्टरबरोबर पत्नी मेरी व दोन धाकटे मुलगे होते. दोन्ही मुली मागे राहिल्या. शिवाय मोर नावाच्या चार पोरक्या केलेल्या भावंडांपैकी दोन मुले त्याच्या घरी सोपविलेली होती. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे लोक मरण पावले. त्या चार भावंडांपैकी एकटा रिचर्ड वाचला. जहाजावरील अठरा विवाहित स्त्रियांपैकी १६२१ च्या शरदातील पीक हाती येईपर्यंत चारच उरल्या, त्यांपैकी एक मेरी ब्रूस्टर होती. सर्वत्र आजार पसरला असताना जी सहा-सात माणसे धडधाकट राहिली, त्यांत ब्रूस्टर व लष्करी अधिकारी माइल्स स्टँडिश हे होते. त्यांनी लाकडे आणली, अन्न शिजविले, आजाऱ्यांची घाणेरडी वस्त्रे धुतली. चोपन्न वर्षांच्या मंडळीच्या वडिलाने हे केले, याची नोंद ब्रॅडफर्डने मुद्दाम ठेवली आहे.

थोरला जोनाथन १६२१ मध्ये आला, मुली १६२३ मध्ये आल्या. घर पुन्हा एकत्र व्हावयास तीन वर्षे लागली.

व्यापाऱ्यांशी झालेल्या करारानुसार सुरुवातीस शेती सामाईक होती. १६२३ मध्ये प्रत्येक कुटुंबास मक्याच्या लागवडीसाठी स्वतंत्र तुकडा मिळाला आणि १६२४ मध्ये माणशी एक एकर जमीन कायमची देण्यात आली. केंब्रिजमध्ये शिकलेला, राजदरबार पाहिलेला हा मनुष्य अंगात बळ होते तोवर शेतात हाताने राबला. कित्येक महिने भाकरीवाचून, कधी केवळ मासळीवर तर कधी तीही न मिळता त्याने दिवस काढले आणि अनेक वर्षे पाण्याखेरीज दुसरे पेय घेतले नाही.

त्याला ‘आद्य शेतकरी’ म्हणताना मात्र थांबावे लागते. ज्या जागी प्लिमथ वसले, ते पटक्सेट नावाचे वॅम्पानोग लोकांचे गाव होते. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपीयांच्या संसर्गाने आलेल्या साथीत ते निर्मनुष्य झाले. वसाहतकारांनी जी शेते पेरली ती पूर्वीच साफ केलेली होती. मक्याबरोबर मासळीचे खत कसे घालावे हे त्यांना टिस्क्वांटम याने शिकविले. तो त्याच गावचा, गुलाम म्हणून युरोपात नेला गेलेला, इंग्रजी शिकून परतलेला आणि परत आल्यावर आपले गाव उरले नाही असे पाहिलेला मनुष्य होता. डॅनिश विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणारा ब्रूस्टर व इंग्रजी अशा रीतीने शिकलेला टिस्क्वांटम एकाच शेताच्या बांधावर भेटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. वॅम्पानोग भाषेत १६६३ मध्ये संपूर्ण बायबल छापले गेले. एकोणिसाव्या शतकात ती भाषा बोलणारे उरले नाहीत. १९९३ पासून त्या समाजाने जुन्या लिखाणांच्या आधारे ती पुन्हा शिकण्याचे काम हाती घेतले, आणि त्या बायबलचाही त्या कामी उपयोग झाला.

६

जॉन रॉबिन्सन लायडनलाच राहिला आणि १६२५ मध्ये तेथेच वारला. प्लिमथच्या मंडळीला पाळक नव्हता. दर रविवारी दोनदा ब्रूस्टर प्रवचन करी. लांबलचक प्रार्थनेपेक्षा थोडथोडकी प्रार्थना वारंवार करणे बरे, कारण ऐकणाऱ्यांचे चित्त फार वेळ एकाग्र राहत नाही, असे त्याचे मत होते. परंतु प्रभुभोजन देणे व बाप्तिस्मा देणे ही कामे त्याने केली नाहीत. यासंबंधी विचारणा झाली तेव्हा वडिलाने ती करू नयेत असे रॉबिन्सनने १६२३ मध्ये लिहून कळविले आणि ब्रूस्टरने ते मानले. रॅल्फ स्मिथ हा पाळक १६२९ मध्ये आला, तोपर्यंत ही स्थिती राहिली.

या संयमाची किंमत काय होती, हे १६२७ च्या एका याद्यापत्रावरून कळते. २२ मे १६२७ रोजी वसाहतीतील गुरे वाटण्यात आली. तेरा-तेरा माणसांचे बारा गट पाडून प्रत्येकास काही जनावरे देण्यात आली. पाचवा गट ब्रूस्टरचा. त्यात लव्ह व रेसलिंग, पोरका रिचर्ड मोर व हेन्री सॅमसन, थोरला जोनाथन, त्याची पत्नी ल्यूक्रीशिया व त्यांची दोन मुले विल्यम व मेरी, कन्या पेशन्स, तिचा पती टॉमस प्रेन्स व मुलगी रिबेका, आणि शेवटी ह्युमिलिटी कूपर ही मुलगी आहे. ‘ह्युमिलिटी’ म्हणजे नम्रता. या गटास एक कालवड व दोन शेळ्या मिळाल्या. त्या कालवडीचे नाव यादीत ‘आंधळी कालवड’ असे दिले आहे.

यादीत ब्रूस्टरची पत्नी मेरी नाही. १७ एप्रिल रोजी ती वारली होती. यादीतील मेरी ही तिची नात. ती १६ एप्रिल रोजी जन्मली, म्हणजे आजीच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी. जोनाथनच्या कुटुंबाच्या वहीत दोन्ही तारखा आहेत. आजोबा मंडळीचे वडील होते, गावातील एकमेव प्रवचनकार होते. परंतु त्या नातीला, तिच्या भावाला आणि रिबेकाला बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. नात्याने मिळणारे वडीलपण पदाच्या वडीलपणाची मर्यादा ओलांडू शकत नव्हते. ज्या चर्चमध्ये अधिकार वरून खाली येतो, ते सोडून ही मंडळी निघाली होती. आपल्या पसंतीने निवडलेल्या माणसानेही निवडीच्या पलीकडचे काम करू नये, हा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला, आणि ब्रूस्टरने तो घरातही पाळला.

७

गुरे वाढली तशी चराऊ जमिनीची गरज वाढली आणि १६३२ च्या सुमारास अनेक कुटुंबे खाडीपलीकडच्या डक्सबरी भागात गेली. ब्रूस्टर मुलांसह तेथे राहू लागला. हिवाळ्यात उपासनेसाठी प्लिमथला परत येऊन राहू असे लेखी वचन ज्या चौघांनी दिले, त्यांत जोनाथन व जावई प्रेन्स होते. मंडळी अशी विखुरली याचे दुःख ब्रॅडफर्डला शेवटपर्यंत होते. १६३७ मध्ये डक्सबरी स्वतंत्र गाव झाले.

१६३४ मध्ये साथीच्या तापाने पेशन्स व फिअर या दोन्ही मुली गेल्या. फिअरचा पती आयझॅक ॲलर्टन व्यापारात गुंतलेला असल्याने त्यांचा मुलगा आजोबांकडे वाढला. पुढे १६५० मध्ये तो हार्वर्डचा पदवीधर झाला. रेसलिंग अविवाहित असतानाच मरण पावला. लव्हला चार मुले झाली : सारा, नथानिएल, विल्यम व रेसलिंग. जोनाथनच्या एका मुलीचे नाव ग्रेस, पेशन्सच्या एकीचे मर्सी.

तिसऱ्या पिढीतील ‘रेसलिंग’ हे नाव विचार करण्यासारखे आहे. पहिल्या रेसलिंगचे नाव ठेवताना आईबापांनी बायबलमधील एका कथेकडे बोट दाखविले होते. दुसऱ्याचे नाव ठेवताना लव्हने आपल्या गेलेल्या भावाकडे पाहिले. शब्द तोच राहिला, निर्देश बदलला. नावातील वाक्य एका पिढीत झिजून त्याचे केवळ विशेषनाम झाले, आणि म्हणूनच घराण्यात ते टिकले. विशेषनामांच्या इतिहासात हे नेहमीच घडते. येथे ते एकाच घरात, भावापासून पुतण्यापर्यंत, तारखांसह पाहता येते.

विल्यम ब्रूस्टर १० एप्रिल १६४४ रोजी मरण पावला. एक दिवसही तो पुरता अंथरुणावर पडला नव्हता. मृत्यूनंतर झालेल्या मोजदादीत सुमारे चारशे पुस्तके निघाली, त्यांपैकी साठएक लॅटिन होती. जमिनीच्या वाटणीवरून जोनाथन व लव्ह यांच्यात मतभेद झाला, तेव्हा १६४५ मध्ये ब्रॅडफर्ड, विन्स्लो, प्रेन्स व स्टँडिश या चौघांनी मध्यस्थी करून तो मिटविला. घरचे वडील गेल्यावर भावांचा तंटा मिटविण्यास बाहेरचे चार वडीलधारे यावे लागले, हा अनुभव कोणत्याही मराठी खेड्यास परिचित आहे. डक्सबरीच्या त्या घरी मागे राहिले ते बायबलवरील टीकाग्रंथ, शेतीची अवजारे, आणि ‘झुंज’ या नावाने ज्याला हाक मारीत तो एक नातू.